स्वस्त शहर कोणासाठी स्वस्त?

युरोप बघायचा, पण स्वतःच्या पैशांनी आणि पाठीवरच्या एका सॅकनिशी, असं ठरवणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: व्हिएन्नात फार दिवस काढू नका, तिथे पैसा पाण्यासारखा जातो, एक-दोन रात्रींत उरका आणि बुडापेस्ट गाठा, तिथे त्याच पैशांत दुप्पट दिवस निघतील. सल्ला देणारे खोटं बोलत नसतात. ऑस्ट्रियातली एकूण किंमतपातळी युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा दहा-एक टक्के वर आहे आणि हंगेरीची त्या सरासरीच्या साधारण तीन-चतुर्थांश आहे. या दोन शहरांची तुलना करणं सोपंही आहे. दोन्ही डॅन्यूबच्या काठी, दोन्ही 1867 ते 1918 या काळात एकाच साम्राज्याच्या जोडराजधान्या, आणि आज रेल्वेने जेमतेम दोन तास चाळीस मिनिटांच्या अंतरावर. तरीही हा सल्ला ज्याला सर्वांत जास्त दिला जातो, त्या बॅकपॅकरलाच तो सर्वांत कमी लागू पडतो असं मला वाटतं. दोन शहरांच्या खर्चात खरा मोठा फरक दोनच ठिकाणी आहे: रात्रीची खाट आणि हॉटेलातलं जेवणाचं टेबल. बाकी सगळीकडे तो एक तर नाममात्र आहे किंवा चक्क उलट दिशेने जातो. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याला हे आधी कळायला हवं, कारण चुकीच्या समजुतीपायी व्हिएन्ना घाईत उरकणं हेसुद्धा एक मोठं नुकसानच आहे.

फरक मुळात येतो कुठून, हे समजलं की पुढचं आपोआप उलगडतं. एखादी वस्तू ट्रकमध्ये घालून सीमेपार नेता येत असेल, तर तिची किंमत शेजारशेजारच्या दोन देशांत फार वेगळी राहत नाही. फोनचं चार्जर, बूट, चॉकलेट, शाम्पू यांना सीमा अडवत नाही. पण केस कापणं, ताट वाढणं, खोली झाडणं ही कामं ट्रकमध्ये घालता येत नाहीत. ती तिथल्याच माणसाने, तिथल्याच पगारावर करायची असतात. म्हणून जिथे पगार कमी तिथे सेवा स्वस्त. हे नीट मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांपैकी एक होता बेला बालाशा. त्याचा जन्म 1928 साली बुडापेस्टमधला. 1956 चा हंगेरीतला उठाव चिरडला गेल्यावर तो ऑस्ट्रियात गेला आणि तिथून अमेरिकेत. 1964 साली त्याने आणि पॉल सॅम्युएल्सनने वेगवेगळ्या लेखांत हीच गोष्ट दाखवून दिली, म्हणून ती आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते. आकडे बघितले तर ती डोळ्यांसमोर उभी राहते. हंगेरीत 2025 साली कायद्याने ठरलेलं किमान मासिक वेतन होतं 2,90,800 फोरिंट. एका युरोला सुमारे 400 फोरिंट असा सोपा दर धरला, तर ते सव्वासातशे युरोंच्या आसपास जातं. ऑस्ट्रियात असं सरसकट किमान वेतन नाही, ते कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या कराराने ठरतं. हॉटेल-खानावळींसाठी ते महिन्याला सुमारे दोन हजार युरो आहे, आणि तिथे वर्षाला बाराऐवजी चौदा पगार देण्याची रीत आहे. व्हिएन्नातली थाळी महाग असते ती यामुळे. ती वाढणाऱ्याला तिथे पोट भरण्याइतका पगार मिळतो.

आता बॅकपॅकर म्हणजे कोण, ते आठवू. सामान तो स्वतः उचलतो, अंथरूण स्वतः घालतो, टॅक्सी टाळतो, मार्गदर्शक घेत नाही, आणि पैसे वाचवायचे असले की होस्टेलच्या स्वयंपाकघरात पास्ता किंवा खिचडी शिजवतो. थोडक्यात, दुसऱ्याचे श्रम तो शक्य तितके कमी विकत घेतो. बुडापेस्टचा स्वस्तपणा मात्र नेमका दुसऱ्याच्या श्रमात साठवलेला आहे. म्हणजे प्रवासी जितका काटकसरी, तितका त्या स्वस्तपणाचा वाटा त्याच्या पदरात कमी पडतो. सुपरमार्केटमध्ये गेलं की हे लगेच जाणवतं. हंगेरीत मूल्यवर्धित कर 27 टक्के आहे, सबंध युरोपीय संघात सर्वाधिक. दूध, अंडी, कोंबडी अशा काही जिनसांवर तो 5 टक्के आहे. पण बॅकपॅकरच्या नेहमीच्या यादीतल्या पाव आणि चीज यांवर तो 18 टक्के आहे, आणि फळं, भाज्या यांवर पूर्ण 27 टक्के लागतो. ऑस्ट्रियात सर्वसाधारण कर 20 टक्के, आणि खाद्यपदार्थांवर बरीच वर्षं 10 टक्के. त्यातच 2022 आणि 2023 मध्ये हंगेरीत महागाईचा असा भडका उडाला की जानेवारी 2023 मध्ये एकूण दर 25.7 टक्क्यांवर गेला, आणि खाद्यपदार्थ तर वर्षभरात चाळीस टक्क्यांहून अधिक महागले. नंतर दरवाढीचा वेग कमी झाला, पण वर चढलेल्या किमती खाली आल्या नाहीत. आज बुडापेस्टमधल्या आणि व्हिएन्नातल्या एखाद्या सर्वसाधारण सुपरमार्केटमधून एका दिवसाचं सामान भरलं, तर दोन्हीकडे बिल दहा ते बारा युरोंच्या घरात येतं. काही वस्तू इकडे स्वस्त, काही तिकडे. याचा जाच स्थानिकांना किती होत असेल याची कल्पना करावी: पगार अडीच-तीन पट कमी आणि पावाची किंमत जवळजवळ तीच.

पाण्याची बाटलीही याच हिशेबात धरायची. दोन्ही शहरांत नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, त्यामुळे बाटली विकत घेण्याची गरज कुठेच नाही. तरी घेतलीच तर रिकामी टाकून देऊ नये. हंगेरीत 2024 पासून बाटली आणि कॅनवर 50 फोरिंट आणि ऑस्ट्रियात 2025 पासून 25 सेंट अनामत घेतात. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली सरकवली की ती परत मिळते. रक्कम छोटी आहे, पण होस्टेलमधल्या आठ जणांच्या खोलीत दोन दिवसांत जमणाऱ्या बाटल्यांमधून एकाच्या सकाळच्या नाश्त्याचे पैसे निघतात.

बाहेर बसून खाण्याची गोष्ट वेगळी, आणि इथे बुडापेस्टची बाजू निर्विवाद सरस आहे. दुपारी बहुतेक छोट्या खानावळींत 'नापी मेन्यू' असतो, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं सूप आणि एक मुख्य पदार्थ, साधारण अडीच ते साडेतीन हजार फोरिंटांत. व्हिएन्नात असंच दुपारचं जेवण दहा-तेरा युरोंना पडतं आणि संध्याकाळी मेन्यूकार्डावरून मागवलं तर त्याहून बरंच जास्त. शाकाहारी माणसाची अडचण दोन्हीकडे आहे, पण बुडापेस्टमध्ये 'फोझेलेक' नावाचा दाटसर भाजीचा प्रकार आणि लसूण, आंबट साय, चीज घातलेला तळलेला 'लांगोश' यांवर भागतं. भाजीत चरबी घातली आहे का, एवढं विचारून घ्यावं. मात्र बुडापेस्टमध्ये बिल हातात आलं की तळाशी नजर टाकावी. बारा ते पंधरा टक्के सेवाशुल्क पुष्कळदा आधीच जोडलेलं असतं, त्यावर पुन्हा टीप ठेवण्याचं कारण नसतं. व्हिएन्नात स्वस्तात गरम जेवण मिळतच नाही असंही नाही. लिश्टेनश्टाइनश्ट्रासवरच्या 'व्हीनर दीवान' या पाकिस्तानी खानावळीने 2005 पासून हवं तेवढं खा आणि मनाला वाटेल तेवढे पैसे द्या असा शिरस्ता ठेवला आहे, आणि तिथे डाळ-भाजी असते. ओटाक्रिंग भागातल्या ब्रुनेनमार्क्ट या रस्त्यावरच्या बाजारात तुर्की दुकानदारांकडे मसूर, छोले, तांदूळ, कोथिंबीर सगळं मिळतं. मराठी घरातून गेलेल्या, कुकरशिवायही डाळ शिजवू शकणाऱ्या मुलामुलींसाठी हा बाजार त्या शहरातल्या कुठल्याही राजवाड्याइतकाच उपयोगाचा आहे.

शहरातल्या प्रवासाचा खर्च बघताना मला स्वतःला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं, कारण तिथे फरक असायला हवा असं सगळे गृहीत धरतात. 2025 मध्ये व्हिएन्नात मेट्रो, ट्राम, बस या सगळ्यांना चालणारं बहात्तर तासांचं तिकीट 17.10 युरोंना होतं. त्याच वर्षी बुडापेस्टचं बहात्तर तासांचं तिकीट साडेपाच-सहा हजार फोरिंटांच्या दरम्यान, म्हणजे चौदा-पंधरा युरो. तीन दिवसांत फरक तीन युरोंचा. विमानतळावरून शहरात येताना तर बऱ्याच जणांचं गणित उलटंच होतं. बुडापेस्टमध्ये थेट शहराच्या मध्यात आणून सोडणाऱ्या 100-ई या बसला शहराचा पास चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं आणि ते पाच-सहा युरोंना पडतं. 200-ई ही बस आणि पुढे तिसऱ्या क्रमांकाची मेट्रो घेतली तर साध्या तिकिटांत काम होतं. व्हिएन्नात 2025 मध्ये खास विमानतळ-रेल्वेचं तिकीट पंधरा युरोंच्या आसपास होतं, पण त्याच स्थानकातून सुटणारी एस-7 ही लोकल साडेचार युरोंच्या आत शहरात आणायची. दोन्ही ठिकाणी पैसे वाचतात ते माहितीमुळे, शहर स्वस्त की महाग यामुळे नव्हे. आणि एक सावधगिरी: कागदी तिकीट घेतलं असेल तर ते यंत्रात टाकून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो, आणि एका दंडात तीन दिवसांच्या काटकसरीवर पाणी फिरतं.

आता प्रेक्षणीय स्थळांकडे वळू, कारण इथे सल्ल्याची दिशाच उलटते. दोन्ही शहरांत संसदभवन बघण्यासारखं आहे. व्हिएन्नाचं ग्रीक मंदिरासारख्या खांबांचं भवन टेओफिल हान्सेन या वास्तुविशारदाचं, 1883 मधलं. बुडापेस्टचं नदीकाठचं टोकदार कमानींचं भवन इम्रे श्टाइन्डलचं, 1902 मध्ये वापरात आलेलं. त्याच्या घुमटाची उंची 96 मीटर, हंगेरियन लोक या भूमीत आले त्या 896 सालाची आठवण म्हणून. त्या घुमटाखाली 2000 सालापासून हंगेरीचा पवित्र मुकुट ठेवलेला आहे. व्हिएन्नाचं भवन मोठ्या दुरुस्तीनंतर जानेवारी 2023 मध्ये पुन्हा उघडलं आणि तिथली मार्गदर्शकासह फेरी कुणालाही मोफत आहे. आधी नाव नोंदवायचं आणि ओळखपत्र दाखवायचं, एवढंच. बुडापेस्टमध्ये तिकीट आहे आणि ते दोन दरांत आहे: युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या नागरिकांना एक, बाकीच्यांना साधारण दुप्पट. भारतीय पासपोर्टधारक या दुसऱ्या रांगेत उभा असतो, आणि पूर्ण दराने त्याला तीस युरोंच्या वर मोजावे लागतात. ऑस्ट्रियाचं सरासरी उत्पन्न हंगेरीपेक्षा कितीतरी जास्त, तरी महागड्या शहरातलं संसदभवन फुकट आणि स्वस्त शहरातलं सर्वांत दूरवरून आलेल्या माणसाला दुप्पट दराने. हंगेरीचा हा निर्णय अन्यायाचा आहे असं मी म्हणत नाही. प्राचीन स्मारकांसाठी परदेशी पाहुण्यांकडून कितीतरी पट शुल्क घेणाऱ्या भारताला तसं म्हणण्याचा अधिकारही नाही. पण 'स्वस्त बुडापेस्ट' या दोन शब्दांत हे मावत नाही, हे खरं.

स्नानगृहांचंही तसंच. बुडापेस्टला जाऊन गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या स्नानगृहात उतरायचं नाही, म्हणजे फार मोठी गोष्ट सोडल्यासारखं होतं. शहराच्या बागेतलं पिवळ्या भिंतींचं सेचेन्यी हे स्नानगृह 1913 मधलं. हिवाळ्यात उघड्या तलावातून वाफ उठत असते आणि पाण्यात छातीभर उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळत असतात. त्याचं तिकीट आता तीस युरोंच्या वर गेलं आहे आणि शनिवार-रविवारी आणखी चढतं. हा दर पश्चिम युरोपातल्या पाहुण्याचा खिसा बघून ठरलेला आहे. सेंट स्टीफन बॅसिलिकेत आत जायलाही आता तिकीट लागतं. व्हिएन्नात स्टेफान्सडोम या मुख्य चर्चच्या प्रवेशालगतच्या भागात विनातिकीट उभं राहता येतं. शोनब्रुन राजवाड्याची विस्तीर्ण बाग फुकट. डॅन्यूबवरचं एकवीस किलोमीटर लांबीचं बेट फुकट, तिथे उन्हाळ्यात पोहणंही फुकट. आणि डिसेंबर 2023 मध्ये नव्याने उघडलेल्या व्हीन म्युझियमचं कायमस्वरूपी प्रदर्शन, ज्यात त्या शहराची सगळी कथा आहे, तेही फुकट. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमला वीस-बावीस युरो पडतात हे खरं, पण ब्रॉयगेलच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाहेर पडावंसं वाटत नाही. जगातल्या सर्वोत्तम संगीतनाट्यगृहांपैकी एक असलेल्या श्टाट्सओपरमध्ये चारशेहून अधिक उभ्याच्या जागा आहेत, त्या पंधरा-एक युरोंत मिळतात, आणि त्यांतल्या काही जागांवरून मंच शेकडो युरोंच्या खुर्चीइतकाच स्वच्छ दिसतो.

व्हिएन्नाला हे परवडतं कसं, या प्रश्नाचं उत्तर शहर श्रीमंत आहे एवढ्यावर संपत नाही. श्रीमंत शहरं पुष्कळ आहेत. झुरिच किंवा लंडनमध्ये बॅकपॅकरला अशी मुभा सगळीकडे नसते. व्हिएन्नात पिढ्यान्‌पिढ्या काही गोष्टी सगळ्यांच्या म्हणून ठेवण्याचे निर्णय झाले. त्यातला एक अगदी रस्त्यावर दिसतो. एकोणिसाव्या शतकात शहरात दूषित पाण्याने रोगराई पसरे. एडुआर्ड झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने आग्रह धरला की पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून आणायचं. 1873 साली, म्हणजे बुडा, ओबुडा आणि पेश्ट एक होऊन बुडापेस्ट नावाचं शहर जन्माला आलं त्याच वर्षी, राक्स आणि श्नेबर्ग डोंगरांमधून येणारी पहिली जलवाहिनी सुरू झाली. दुसरी 1910 मध्ये. पाणी डोंगरावरून स्वतःच्या उताराने वाहत येतं. आज शहरभर हजाराहून अधिक पाणपोया आहेत आणि 2001 पासून हा पाणीपुरवठा खासगी हाती जाऊ नये म्हणून शहराच्या कायद्यातच त्याला संरक्षण आहे. उन्हाळ्यात दिवसभर पायी हिंडणारा माणूस त्या पाणपोयांवर थांबतो तेव्हा त्याला मिळणारी बचत दीडशे वर्षांपूर्वीच्या सार्वजनिक निर्णयाची असते. खर्चाच्या तक्त्यांत ती कुठेच दिसत नाही, कारण तक्ता तयार करणारा फक्त विकत घेतलेल्या गोष्टींची बेरीज करतो.

आता खाटेचा प्रश्न, आणि माझ्या म्हणण्यावरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. बॅकपॅकरच्या खर्चात सर्वांत मोठा आकडा झोपण्याचा असतो आणि तिथे बुडापेस्ट स्वस्त आहे, यात वाद नाही. बुडापेस्टच्या सहाव्या-सातव्या वॉर्डातल्या जुन्या चाळवजा इमारतींमधली प्रशस्त घरं होस्टेलांमध्ये बदलली गेली आणि खाटांचा पुरवठा वाढला. सामायिक खोलीतली खाट तिथे साधारण पंधरा ते पंचवीस युरोंना, तर व्हिएन्नात पंचवीस ते चाळीसला मिळते. पण या फरकाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी: तो शहरापेक्षा तारखेवर जास्त हलतो. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला हुंगारोरिंगवर मोटारशर्यत असते, ऑगस्टमध्ये ओबुडा बेटावर सिगेट संगीत महोत्सव असतो. त्या दिवसांत बुडापेस्टची खाट व्हिएन्नाच्या साध्या दिवसाच्या खाटेपेक्षा महाग होते. उलट जानेवारीच्या मध्यावर, नाताळचे बाजार उठल्यानंतर, व्हिएन्नाची खाट बरीच उतरते. शिवाय स्थानिक लोक स्वतःच्या शहरात घर परवडत नाही म्हणून चिडले आहेत आणि नियम बदलत आहेत. बुडापेस्टच्या तेरेझवारोश या वॉर्डाने सप्टेंबर 2024 मध्ये मतदान घेऊन पर्यटकांना अल्पकाळ घरं भाड्याने देण्यावर 2026 पासून बंदी आणली. व्हिएन्नाने जुलै 2024 पासून वर्षाला नव्वद दिवसांची मर्यादा घातली. त्या लोकांची बाजू मला पटते, आणि त्याचा परिणाम खाटांच्या दरावर दोन्हीकडे होणार.

सगळं एकत्र मांडून बघू. तीन दिवस-तीन रात्री, 2025 चे दर, गोळाबेरीज आकडे. स्वतः रांधणारा प्रवासी व्हिएन्नात खाटेला 90, प्रवासाला 17, किराण्याला 36, आणि एक संग्रहालय व एक संगीतनाट्य यांना 36 युरो मोजतो, एकूण 179. तोच बुडापेस्टमध्ये खाटेला 60, प्रवासाला 14, किराण्याला 33, आणि स्नानगृह व संसदभवन यांना 65, एकूण 172. फरक सात युरोंचा. आता बाहेर बसून खाणारा घेतला आणि त्याला जेवणखाणाला व्हिएन्नात दिवसाला 40, बुडापेस्टमध्ये 24 युरो धरले, तर बेरीज 263 आणि 211 येते. फरक बावन्न युरोंचा, म्हणजे वीस टक्के. दोन्ही बेरजा त्याच शहरांच्या. बदलला तो फक्त प्रवासी. कुणी म्हणेल, बुडापेस्टच्या बाजूला दोन महागडी तिकिटं घालून मी पारडं झुकवलं. बरं, दोन्हीकडची तिकिटं काढून टाकू. मग स्वतः रांधणाऱ्याचा खर्च व्हिएन्नात 143 आणि बुडापेस्टमध्ये 107 होतो. छत्तीस युरो वाचले, पण त्यांतले तीस एकट्या खाटेचे आहेत. ज्याची व्हिएन्नात ओळखीच्या कुणाकडे झोपण्याची सोय आहे, किंवा ज्याने नेमक्या स्वस्त तारखा साधल्या, त्याच्यासाठी दोन शहरं जवळपास एका भावाची आहेत.

यावर दुसरा आक्षेप असा येतो की प्रवास म्हणजे पैसे न खर्चण्याची स्पर्धा नव्हे. दिवसाला साठ-सत्तर युरो खर्च करायचेच असतील, तर बुडापेस्टमध्ये त्याच पैशांत माणूस जास्त आरामात राहतो, टेबलावर बसून गरम सूप खातो, संध्याकाळी मित्रांबरोबर काझिन्त्सी रस्त्यावरच्या जुन्या पडक्या वाड्यांत थाटलेल्या मद्यालयांत बसतो. हे मला पूर्ण मान्य आहे.  म्हणूनच 'कुठलं शहर स्वस्त' यापेक्षा 'मी दिवसभर नेमकं काय करणार' हा प्रश्न आधी विचारायला हवा. ज्याला चित्रं, संगीत, बागा आणि लांबच लांब पायपीट हवी, त्याला व्हिएन्ना परवडतं. ज्याला लोकांत बसून खाणंपिणं हवं, त्याला बुडापेस्ट. तिसरा आक्षेप काळाचा. व्हिएन्नाने 2012 पासून 365 युरोंवर धरून ठेवलेला प्रवासाचा वार्षिक पास 2026 मध्ये 467 युरोंवर नेला आणि सुटी तिकिटंही महागली. ही वाढ मला खटकते, कारण त्या पासामुळे ते शहर जगभरच्या नगरपालिकांना दाखवण्याजोगं उदाहरण झालं होतं. वरच्या हिशेबात तिच्यामुळे सात युरोंचा फरक पंधराच्या आसपास जाईल. तरी तो दहा टक्क्यांच्या आतच राहतो.

आपल्याकडून जाणाऱ्यासाठी आणखी एक थर आहे. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास असताना पंधरा युरो म्हणजे दीड हजार रुपये, ते कुणीही हसण्यावारी नेऊ नयेत. पण शेंगेन व्हिसाचं शुल्कच जून 2024 पासून 90 युरो आहे, किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा आहे, आणि त्यावर विमानाचं तिकीट. इतका पैसा ओतून गेल्यावर रोजच्या दहा युरोंसाठी ज्या शहरात राहायची इच्छा होती ते सोडून देणं हा हिशेब कच्चा आहे. चलनाचाही विचार करावा. ऑस्ट्रियात युरो, हंगेरीत फोरिंट. रुपयांचे युरो आणि युरोंचे फोरिंट असं दोनदा बदलत गेलं की प्रत्येक वळणावर थोडे पैसे झिरपतात. कार्ड यंत्राला लावल्यावर रक्कम रुपयांत हवी की फोरिंटांत असं ते विचारतं, तेव्हा नेहमी फोरिंट निवडावं. रुपये निवडले की दर ठरवण्याचा अधिकार यंत्रवाल्याकडे जातो आणि तो दर आपल्या फायद्याचा नसतो.

दोन्ही शहरांचा पाहुणचार एकाच प्रवासात जोडून घेणं तसं अवघड नाही. रेल्वेचं तिकीट काही आठवडे आधी काढलं तर वीस युरोंच्या आतबाहेर मिळतं, बस त्याहून स्वस्त. व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा असतो, म्हणून रात्रींची वाटणी आधीच ठरवावी. आठवड्याचे मधले दिवस व्हिएन्नाला द्यावेत: संग्रहालयांत गर्दी कमी असते आणि दुकानं उघडी असतात. शनिवारी संध्याकाळी सहानंतर तिथली सुपरमार्केटं बंद होतात आणि रविवारभर उघडत नाहीत. मोठ्या रेल्वेस्थानकांतली तेवढी अपवाद, आणि तिथे रांगा लागतात. बुडापेस्टमध्ये रविवारच्या दुकानबंदीचा प्रयोग 2015 मध्ये झाला आणि वर्षभरात मागे घेतला गेला. शिवाय शनिवार-रविवारसाठी आलेले युरोपातले पाहुणे रविवारी परततात, त्यामुळे बुडापेस्टच्या खाटांचे दर रविवार रात्रीपासून उतरतात. तेव्हा रविवारी सकाळी व्हिएन्ना हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकावरून निघणारी गाडी पकडावी. दुपारच्या जेवणाला केलेती स्थानकावर उतरता येतं.